लघवीवरील ताबा : शस्त्रक्रियेच्या इतिहासांतील एक उपेक्षित प्रकरण

कर्करोगाच्या इतिहासावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. रेडियमचा शोध, क्ष-किरणांचा उपयोग, धाडसी शस्त्रक्रिया, नवीं नवीं औषधें यांच्या कथा आपण आवडीनें वाचतों आणि ‘रोगी बरा झाला’ या वाक्यापाशीं पुस्तक मिटतों. परंतु बरा झालेला रोगी घरीं परत येतो, आणि तेथें त्याचें काय होतें हें त्या पुस्तकांत बहुधा नसतें. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो त्या मिटलेल्या पुस्तकाच्या पुढचा आहे. ओटीपोटांतील कर्करोगावर, म्हणजे पुरुषांच्या प्रॉस्टेट ग्रंथीच्या, स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या किंवा दोघांच्याहि मूत्राशयाच्या रोगावर, शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार झाल्यानंतर अनेकांचा लघवीवरील ताबा कमी होतो, कित्येकांचा जातो. खोकला आला, हसूं आलें, जिना चढतांना जोर पडला, कीं वस्त्र भिजतें. हा विषय चारचौघांत बोलावयाचा नव्हे अशी आपली समजूत आहे. आणि माझें म्हणणें असें आहे कीं, या समजुतीनेंच या विषयाचा इतिहास फार दिवस अडवून धरला. ती समजूत केवळ रोग्यांची नव्हती; शस्त्रवैद्यांचीहि होती.

तक्रारीचें मूळ शरीराच्या रचनेंत आहे, म्हणून तें प्रथम थोडक्यांत सांगतों. मूत्राशय ही स्नायूंची एक पिशवी आहे. पुरुषांत तिच्या तोंडाशीं एक दार असतें आणि प्रॉस्टेट ग्रंथीच्या खालीं दुसरें. पहिलें दार आपल्या इच्छेवांचून मिटलेलें राहतें. दुसरें आपण इच्छेनें आवळूं शकतों. प्रॉस्टेट ही या दोन दारांच्या मधोमध, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. ती समूळ काढली कीं पहिलें दार तिच्याबरोबर जातें, आणि जन्मभर दोघांनीं मिळून केलेलें काम एकट्या दुसऱ्या दारावर येऊन पडतें. तेंहि शस्त्रक्रियेंत दुखावलें तर पाणी अडवावयास कोणीच उरत नाहीं. स्त्रियांची गोष्ट निराळी. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनीं मूत्राशयाकडे मज्जातंतु गेलेले असतात. गर्भाशय सभोंवारच्या भागासह काढतांना ते तुटले तर मूत्राशय भरल्याची जाणीवच नाहींशी होते. तो भरत राहतो, फुगतो, आणि शेवटीं कांठोकांठ भरलेल्या हौदाप्रमाणें वाहूं लागतो. किरणोपचाराचा परिणाम आणखी वेगळा आणि पुष्कळदां उशिरां दिसणारा. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होत जातात, मूत्राशयाची भिंत ताठर होते, त्याची सांठवण घटते, आणि कित्येक वर्षांनंतरहि लघवीची न आवरणारी घाई सुरू होऊं शकते. कारणें तीन आणि त्यांचे उपायहि भिन्न. परंतु भिजलेल्या माणसाला तीं सारीं सारखींच.

१९०४ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत, ह्यू हॅम्प्टन यंग या तरुण शस्त्रवैद्यानें प्रॉस्टेटचा कर्करोग समूळ काढण्याची आपली पहिली शस्त्रक्रिया केली. मदतीला उभे होते ते त्यांचे वरिष्ठ विल्यम हॉलस्टेड. स्तनाच्या कर्करोगांत रोगासभोंवतालचा सर्व भाग एकसंध काढला पाहिजे हें तत्त्व ज्यांनीं रूढ केलें तेच हे हॉलस्टेड. यंग यांनीं तेंच तत्त्व प्रॉस्टेटला लावलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत ४० रोग्यांचा अभ्यास होता आणि ही मोठी शस्त्रक्रिया त्यांपैकीं ४ जणांवर झालेली होती. पुढें ही शस्त्रक्रिया इतरांनींहि केली, पण ती कधीं सर्वत्र पसरली नाहीं. कारण जगलेल्या पुष्कळ पुरुषांना लघवी धरतां येत नसे, आणि पुरुषत्व तर जवळजवळ सर्वांचेंच जाई.

यंग यांच्या आयुष्यांतील एक प्रसंग येथें सांगण्याजोगा आहे. १९१२ मध्यें त्यांनीं ‘डायमंड जिम’ या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेल्या जेम्स ब्रेडी या धनिकाची प्रॉस्टेटची तक्रार दूर केली. ती कर्करोगाची नव्हती. रेल्वेचें सामान विकून गबर झालेला, खाण्यासाठीं आणि हिऱ्यांसाठीं सर्व न्यूयॉर्कला ठाऊक असलेला हा गृहस्थ इतका कृतज्ञ झाला कीं, त्याच्या देणगींतून १९१५ मध्यें जॉन्स हॉपकिन्समध्यें मूत्ररोगांसाठीं एक स्वतंत्र संस्था उघडली. ब्रेडीचें नांव लाभलेली ही संस्था आपल्या कथेंत पुन्हां येणार आहे.

स्त्रियांच्या बाबतींत आरंभ याहूनहि आधींचा. १८९८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १६ तारखेस व्हिएन्ना येथें अर्न्स्ट वेर्टहाइम यांनीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं पोट उघडून गर्भाशय सभोंवारच्या भागासह काढण्याची शस्त्रक्रिया केली. पुढील बारा-तेरा वर्षांत त्यांनीं अशा ५०० शस्त्रक्रियांचा वृत्तान्त लिहिला. १९२१ मध्यें जपानांतील क्योतो येथील हिदेकाझु ओकाबायाशी यांनीं तीच शस्त्रक्रिया आणखी दूरवर नेली. जितकें अधिक काढावें तितका रोग परत येण्याचा संभव कमी, हा हिशेब दोघांचाहि होता. तो चुकीचा नव्हता. पण काढलेल्या भागाबरोबर मूत्राशयाचे मज्जातंतुहि जात. दुसरीकडे रेडियम आलें. पोट न उघडतां, रेडियमच्या नळ्या रोगाजवळ ठेवून, हजारों स्त्रिया वांचल्या. त्यांतील कांहींच्या मूत्राशयाला पुढें छिद्र पडून मूत्र योनिमार्गानें अहोरात्र वाहूं लागलें. असें छिद्र नुसतें शिवून भागत नाहीं, कारण किरणांनीं भाजलेल्या भागांत रक्त पुरेसें पोंचत नाहीं आणि टांका धरत नाहीं. १९२८ मध्यें जर्मनींतील हाइन्रिश मार्टियस यांनीं शेजारची चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसह वळवून आणून छिद्रावर बसविण्याची युक्ति काढली. ती आजहि त्यांच्या नांवानें ओळखली जाते.

त्या काळच्या शस्त्रवैद्यांना दोष देणें सोपें आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावरच माणसें मरत होतीं, रक्त देण्याची सोय बाल्यावस्थेंत होती, जंतुनाशक औषधें नव्हतीं. अशा वेळीं जो रोगी पायांवर चालत घरीं गेला त्याच्या वस्त्रांची विचारपूस कोण करणार? परंतु रक्त मिळूं लागलें, पेनिसिलिन आलें, माणसें वांचूं लागलीं, तरीहि ही विचारपूस फारशी वाढली नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ‘जीव वांचला, आतां एवढ्याचें काय’ असें वैद्य म्हणत आणि रोगीहि तेंच स्वतःला समजावीत. अपवाद थोडे होते. त्या थोडक्यांपैकीं तिघांचें काम, योगायोगानें, १९४७ ते १९५० या चार वर्षांत प्रसिद्ध झालें.

पहिले फ्रेडरिक फोली. मिनेसोटांतील सेंट पॉल या गांवचे हे मूत्ररोगतज्ज्ञ आपल्या श्रोत्यांपैकीं अनेकांना नांवानें ठाऊक असतील, कारण मूत्राशयांत ठेवावयाची, टोंकाशीं लहानसा फुगा असलेली रबराची नळी त्यांचेंच नांव धारण करते. नळी बाहेर सरकूं नये म्हणून आंत गेल्यावर फुगा पाण्यानें फुगवावयाचा, इतकी साधी ती कल्पना. गंमत अशी कीं, पेटंटच्या तंट्यांत फोली हरले आणि हक्क दुसऱ्याच्या पदरांत पडला. पण लोकांनीं नांव मात्र त्यांचेंच चालू ठेविलें. १९४७ मध्यें याच फोलींनीं कृत्रिम दाराची कल्पना मांडली. मूत्रमार्गाचा कांहीं भाग त्वचेंत गुंडाळून मोकळा करावयाचा, त्याभोंवतीं फुगविता येणारी पट्टी बसवावयाची, आणि ती फुगविण्याची लहानशी पिचकारी रोग्यानें खिशांत बाळगावयाची! हें यंत्र रूढ झालें नाहीं. तरी मूत्रमार्गाला बाहेरून हळुवारपणें दाबून धरावें आणि दाब सोडणें रोग्याच्या हातीं असावें, हा जो विचार त्यांत होता तो पुढें टिकला.

दुसरे आर्नोल्ड केगेल, लॉस एंजलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ. यांचे रोगी कर्करोगाचे नव्हते. बाळंतपणानंतर लघवी न धरणाऱ्या स्त्रिया होत्या. ओटीपोटाच्या तळाशीं झोळीसारखा जो स्नायूंचा थर आहे तो ढिला पडला तर व्यायामानें घट्ट कां होऊं नये, असा त्यांचा प्रश्न होता. दंडाचा स्नायु व्यायामानें वाढतो. मग हाच काय असा वेगळा? अडचण अशी होती कीं, हा स्नायु दिसत नाहीं, आणि ‘आवळा’ म्हटल्यावर पुष्कळ स्त्रिया पोट किंवा मांड्या आवळीत. केगेल यांनीं रबराची एक हवाबंद कांडी योनिमार्गांत ठेवावयास देऊन ती दाब मोजणाऱ्या तबकडीला जोडली. बरोबर स्नायु आवळला कीं कांटा हलतो, चुकीचा आवळला तर हलत नाहीं. रोज तीन वेळां, प्रत्येक वेळीं वीस मिनिटें, असा त्यांचा पाठ होता. १९४८ मध्यें त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. दुसऱ्या दारावर पडलेला भार पेलण्यास तें दार बळकट करणें हाच पुरुषांनाहि उपाय असल्यामुळें केगेल यांचा व्यायाम पुढें प्रॉस्टेटच्या रोग्यांनाहि शिकविला जाऊं लागला. आपल्याकडील हठयोगांत मूलबंध म्हणून जी क्रिया आहे तिच्यांत हेच स्नायु आवळले जातात, हें योगाभ्यासी श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. परंतु मूलबंध सांगणाऱ्यांचा हेतु निराळा होता. साम्य दिसलें म्हणून शोधाचें श्रेय आपल्याकडे ओढण्याचा मोह मी टाळतों. केगेल यांचें खरें काम व्यायाम सांगण्यांत नाहीं, तो बरोबर होत आहे कीं नाहीं हें रोग्याला स्वतःच्या डोळ्यांनीं दाखविण्यांत आहे. दुर्दैवानें तबकडी मागें पडली, छापील पत्रक पुढें आलें. आणि पत्रक वाचून भलताच स्नायु आवळणारे लोक पुन्हां वाढले.

तिसरें काम मूत्राशयच जेथें ठेवतां येत नाहीं अशा रोग्यांसाठीं होतें. १९४८ मध्यें न्यूयॉर्कचे अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनीं ओटीपोटांतील जवळजवळ सर्व अवयव काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. पहिल्या २२ रोग्यांपैकीं ५ जण शस्त्रक्रियेपायीं गेले. जे वांचले त्यांचें मूत्र आणि मल एकाच छिद्रांतून पोटावर येई. त्यांच्या जिण्याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. सेंट लुइसचे युजीन ब्रिकर यांनीं १९५० मध्यें यावर तोड सुचविली. लहान आंतड्याचा एक तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह वेगळा करावयाचा, दोन्ही मूत्रवाहिन्या त्यांत जोडावयाच्या, आणि त्याचें मोकळें टोंक पोटावर काढून तेथें पिशवी लावावयाची. ही योजना यशस्वी झाली त्यांत शस्त्रवैद्याइतकाच वांटा त्वचेला घट्ट चिकटणाऱ्या पिशवीचा होता. पिशवी गळली असती तर सारें कौशल्य पाण्यांत गेलें असतें. मूत्राशय काढलेल्या अनेक रोग्यांचें जीवन आजहि ब्रिकर यांच्या योजनेवर चालतें. आंतड्याचाच नवा मूत्राशय करून मूळच्या जागीं बसविण्याच्या पद्धति पुढें निघाल्या, पण त्यांचा इतिहास येथें सांगत बसत नाहीं.

फोलींचें अपुरें राहिलेलें काम पुरें व्हावयास पाव शतक लागलें. अडचण कल्पनेची नव्हती. शरीरांत वर्षानुवर्षें राहूनहि न कुजणाऱ्या, न टोंचणाऱ्या पदार्थाची होती. सिलिकोन रबर आलें आणि ती दूर झाली. ह्यूस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ ब्रँटली स्कॉट, मिनेसोटाचे मज्जारोगतज्ज्ञ विल्यम ब्रॅडली आणि तेथलेच अभियंते जेरल्ड टिम या तिघांनीं १९७२ मध्यें संपूर्णपणें शरीराच्या आंत बसणारें कृत्रिम दार प्रथम बसविलें आणि १९७३ मध्यें त्याचा वृत्तान्त छापला. पहिल्या यंत्राला दोन पंप होते, एक उघडण्याचा व एक मिटण्याचा. बरेच फेरफार होऊन १९८३ च्या सुमारास त्याला जें रूप आलें तेंच थोड्या सुधारणांसह आजहि चालू आहे.

या यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे. मूत्रमार्गाभोंवतीं पाण्यानें भरलेली एक पट्टी असते. ती त्याला दाबून मिटलेला ठेवते. पोटांत एक लहान फुगा असतो. अंडकोशांत, सहज बोटांत धरतां येईल असा, पंप असतो. लघवीला गेलें कीं पुरुषानें पंप दोन-चार वेळां दाबावयाचा; पट्टींतील पाणी फुग्यांत जातें, मूत्रमार्ग मोकळा होतो. पुढें कांहींच करावें लागत नाहीं. दोन-तीन मिनिटांत फुग्यांतील पाणी एका अरुंद वाटेनें आपोआप पट्टींत परत येतें आणि दार मिटतें. सारी खुबी फुग्याच्या दाबांत आहे. तो मूत्राशयांतील नेहमींच्या दाबाहून अधिक पाहिजे, नाहीं तर गळती होईल. आणि मूत्रमार्गांतील रक्ताभिसरण थांबेल इतका नसला पाहिजे, नाहीं तर मूत्रमार्ग झिजून पट्टी आंत घुसेल. म्हणून सामान्यतः ६१ ते ७० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाचा फुगा वापरतात. आधीं किरणोपचार झालेले असले तर झीज होण्याचा धोका वाढतो. यंत्र कांहीं वर्षांनीं बिघडूं शकतें, बदलावें लागतें, आणि तें महागहि आहे. अलीकडे मूत्रमार्गाला खालून आधार देणारी जाळीची पट्टी हा दुसरा, कमी गुंतागुंतीचा उपाय निघाला. ब्रिटनमध्यें ३८० पुरुषांवर दोहोंची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्यें प्रसिद्ध झाले. थेंबभर गळती झाली तरी ती गळतीच असें कडक माप लावल्यावर वर्षअखेर जाळीच्या गटांत शेंकडा ८७ आणि यंत्राच्या गटांत शेंकडा ८४ पुरुषांना थोडीबहुत गळती उरलीच होती. तरी तक्रार पूर्वीपेक्षां पुष्कळ हलकी झाली होती, आणि समाधानाच्या मापांवर यंत्र कांहींसें सरस ठरलें. पूर्ण कोरडेपणाचें वचन कोणी देऊं लागला तर हे आंकडे आठवावेत.

ज्यांचा मूत्राशय भरल्याचें कळत नाहीं अशांसाठीं १९७२ हेंच साल महत्त्वाचें ठरलें. मिशिगनचे जॅक लॅपिडीस यांनीं सांगितलें कीं, रोग्यानें दिवसांतून ठराविक वेळीं स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामा करावा. नळी आणि हात स्वच्छ असावेत, पण शस्त्रक्रियागृहांतील निर्जंतुकपणाची गरज नाहीं. वैद्यवर्गांत खळबळ उडाली. जंतूंना दार उघडून देण्यासारखेंच हें कित्येकांना वाटलें. लॅपिडीस यांचा युक्तिवाद असा कीं, नळीबरोबर आंत गेलेल्या थोड्या जंतूंपेक्षां तट्ट फुगलेल्या मूत्राशयाच्या भिंतींतील मंदावलेलें रक्ताभिसरण अधिक घातक आहे. वेळच्या वेळीं रिकामा होणारा मूत्राशय जंतूंशीं स्वतःच झगडतो. अनुभवानें त्यांचें म्हणणें खरें ठरलें. जन्मभर नळी व पिशवी बाळगण्याच्या शिक्षेंतून या एका साध्या सूचनेनें असंख्य स्त्रीपुरुष सुटले.

आतांपर्यंतचे हे सारे उपाय मोडलेल्या दाराचे होते. दार मोडूंच नये म्हणून काय करतां येईल, हा प्रश्न प्रथम जपानांत नेटानें विचारला गेला. ओकाबायाशींच्याच परंपरेंतील ताकाशी कोबायाशी यांनीं १९६१ मध्यें गर्भाशय काढतांना मूत्राशयाकडे जाणारे मज्जातंतु ओळखून राखण्याची पद्धत वर्णिली. जपानी भाषेंत लिहिलेलें हें काम पश्चिमेकडे बराच काळ पोंचलें नाहीं. विज्ञानाला भाषेचें बंधन नाहीं असें आपण म्हणतों, त्याचा हा नमुना!

पश्चिमेकडे हा मान ब्रेडी संस्थेला मिळाला. १९७४ मध्यें पॅट्रिक वॉल्श तेथें प्रमुख झाले. प्रॉस्टेटची शस्त्रक्रिया तेव्हांहि रक्तबंबाळच होती. प्रॉस्टेटच्या समोर शिरांचें एक जाळें असतें. अठराव्या शतकांतील व्हेनिसच्या सांतोरिनी या शरीरशास्त्रज्ञाचें नांव त्याला आहे. तें फुटलें कीं क्षणांत सारी जागा रक्तानें भरे आणि पुढचें काम चांचपडत करावें लागे. ज्या दुसऱ्या दारावर सारी भिस्त, तें याच जागीं, या शिरांना बिलगून असतें. न दिसणारी वस्तु जपणार कशी? वॉल्श यांनीं आधीं या शिरांचा अभ्यास केला आणि त्या बांधून घेण्याची पद्धत १९७९ मध्यें प्रसिद्ध केली. रक्त थांबलें, आणि शस्त्रवैद्याला प्रथमच आपण काय कापीत आहों हें नीट दिसूं लागलें.

उरला मज्जातंतूंचा प्रश्न. १९८१ च्या फेब्रुवारींत वॉल्श हॉलंडमधील लायडन येथें गेले असतां तेथील निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांची भेट झाली. डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकांच्या देहावर मूत्राशयाच्या मज्जातंतूंचा शोध घेत होते. प्रौढाच्या देहांत हे तंतु चरबींत हरवून जातात. अर्भकांत ते स्वच्छ दिसतात. दोघांनीं मिळून जो मार्ग शोधला त्यांत असें आढळलें कीं, पुरुषत्वाला लागणारे तंतु प्रॉस्टेटच्या आंतून जात नाहींत, बाहेरून जातात. म्हणजे प्रॉस्टेट काढूनहि ते राखतां येतील! सत्तर-पाऊणशें वर्षें जें अटळ म्हणून सांगितलें जात होतें तें केवळ कोणी पाहिलें नव्हतें म्हणून अटळ होतें. १९८२ च्या एप्रिल महिन्याच्या २६ तारखेस वॉल्श यांनीं ही माहिती जाणीवपूर्वक वापरून पहिली शस्त्रक्रिया केली. शोध पुरुषत्वासाठीं होता. पण रक्ताविना, नेमकेपणानें झालेल्या या शस्त्रक्रियेचा लाभ लघवीवरील ताब्यालाहि झाला.

येथें ही कथा सुखान्त व्हावयास हरकत नव्हती. नामवंत रुग्णालयांचे अहवाल येऊं लागले, त्यांत ताबा गेलेल्यांचें प्रमाण अगदीं थोडें दिसे. पण हे अहवाल लिहिणारे कोण? ज्यांनीं शस्त्रक्रिया केली तेच. डॉक्टरसाहेब खोलींत येऊन ‘काय, ठीक आहे ना?’ असें विचारतात, तेव्हां ज्यानें आपला जीव वांचविला त्याच्या तोंडावर ‘नाहीं, मला घडी बांधावी लागते’ असें सांगणारा रोगी विरळा. १९९३ मध्यें फ्लॉइड फाउलर व त्यांचे सहकारी यांनीं निराळी वाट धरली. अमेरिकन सरकारच्या विमायोजनेखालीं १९८८ ते १९९० या काळांत ही शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांना, त्यांच्या शस्त्रवैद्यांना मध्यें न घेतां, त्यांनीं थेट प्रश्न विचारले. शेंकडा ३० हून अधिक पुरुष ओलेपणासाठीं घडी किंवा चिमटा वापरीत असल्याचें त्यांनीं सांगितलें. शेंकडा २३ जणांना रोज थेंबाथेंबाहून अधिक गळती होती. माझ्या मतें या विषयाच्या इतिहासांत कृत्रिम दाराच्या शोधाइतकीच ही घटना मोठी आहे, आणि तिला लागलें काय, तर कागदावरचे कांहीं प्रश्न.

यानंतर प्रत्येक दाव्याला पुरावा मागण्याची चाल पडली. केगेल यांचा व्यायामहि सुटला नाहीं. बेल्जममधील लूव्हन येथें १०२ पुरुषांवर झालेल्या प्रयोगांत, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं व्यायाम करणाऱ्यांपैकीं शेंकडा ८८ तीन महिन्यांत कोरडे झाले, इतरांपैकीं शेंकडा ५६. हा वृत्तान्त २००० सालचा. उलट २०११ मध्यें ब्रिटनमधील ४११ पुरुषांच्या प्रयोगांत वर्षअखेर दोन्ही गटांत फरक दिसला नाहीं. शेंकडा ७६ आणि ७७ जणांना कांहींना कांहीं गळती होतीच. दोन्ही खरें कसें? ब्रिटनमध्यें पुरुष शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनीं प्रयोगांत आले, शिकवणी चार वेळांच झाली, आणि तुलनेच्या गटांतील अनेकजण आपापले व्यायाम करीत होतेच. मला यांतून एवढें दिसतें कीं, व्यायामानें ताबा लवकर येतो. पण वर्षभरानें कोण कोरडा असेल हें ठरविण्याची शक्ति त्याच्यांत मर्यादित आहे. यंत्रमानवाच्या साहाय्यानें होणाऱ्या शस्त्रक्रियेचेंहि तसेंच. २००० नंतर ती झपाट्यानें पसरली, आणि तिच्या प्रसारांत भारतांत वैद्यकीय शिक्षण घेतलेले डेट्रॉइटचे मणी मेनन यांचा वांटा मोठा. परंतु ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेंत, २०१६ मध्यें, बारा आठवड्यांनंतर लघवीच्या बाबतींत तिच्यांत व जुन्या शस्त्रक्रियेंत फरक आढळला नाहीं.

त्याच २०१६ सालीं ब्रिटनमधील १,६४३ पुरुषांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रॉस्टेटपुरताच मर्यादित असलेल्या कर्करोगाच्या या पुरुषांना चिठ्ठ्या टाकून तीन वाटांवर धाडलें होतें : शस्त्रक्रिया, किरणोपचार, किंवा केवळ लक्ष ठेवणें. दहा वर्षांत प्रॉस्टेटच्या कर्करोगानें मरण पावलेल्यांचें प्रमाण तिन्ही गटांत शेंकडा एकाच्या आसपास होतें. मग निवड करावयाची कशावर? त्याच पुरुषांना वेळोवेळीं प्रश्नावली धाडली होती, आणि तिच्यांत एक प्रश्न घडी वापरतां काय हा होता. सहा महिन्यांनीं शस्त्रक्रियेच्या गटांतील शेंकडा ४६ जणांनीं ‘होय’ लिहिलें, सहा वर्षांनीं शेंकडा १७ जणांनीं. किरणोपचाराच्या गटांत सहा वर्षांनीं हें प्रमाण शेंकडा ४ होतें, लक्ष ठेवलेल्यांत ८. किरणोपचाराच्या वांट्याला तक्रारी आल्या त्या अधिक करून आंतड्यांच्या. ज्या प्रश्नाला पूर्वी अहवालाच्या तळटीपेंतहि जागा नव्हती तो आतां उपचार निवडतांना तोलाचा होऊन बसला.

मुंबईचा उल्लेख केल्यावांचून थांबतां येत नाहीं. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीच्या २८ तारखेस उघडलें, तेव्हांपासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें पिडलेल्या स्त्रियांचा ओघ तेथें सतत आहे. गर्भाशय काढल्यानंतर ज्यांना किरणोपचार घ्यावे लागले अशा ३०० स्त्रियांचा अभ्यास तेथील सुप्रिया चोप्रा व सहकारी यांनीं २०२१ मध्यें प्रसिद्ध केला. रोग किती जणींचा परत आला हें त्यांनीं पाहिलेंच. पण अभ्यासाचा मुख्य प्रश्न म्हणून त्यांनीं ठेवला तो उशिरां उद्भवणाऱ्या त्रासाचा. त्रास आंतड्यांचा होता, मूत्राशयाचा नव्हे. परंतु प्रश्नाची जात तीच. किरणांचा झोत रोगाच्या आकाराबरहुकूम वळवून, रोज प्रतिमा पाहून देण्याची नवी पद्धत एका गटाला आणि जुनी दुसऱ्या गटाला दिली. तीन वर्षांनंतर आंतड्यांचा बराच त्रास जुन्या पद्धतीच्या गटांत शेंकडा ४२.४ स्त्रियांना होता, नव्या पद्धतीच्या गटांत शेंकडा २१.१ स्त्रियांना, आणि रोग आटोक्यांत राहण्याचें प्रमाण दोहोंत सारखेंच होतें.